ला रोशेलची वाळवी आणि तिची दोन नावे

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ला रोशेल या बंदराच्या गावी, जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत, एकोणिसाव्या शतकात एक विलक्षण प्रकार उघडकीस आला. दफ्तरखान्यातील खोक्यांत कागदपत्रे वर्षानुवर्षे नीट रचून ठेवलेली दिसत होती; सर्वांत वरचा कागद अखंड, प्रत्येक पानाची कड शाबूत; परंतु आत हात घातला की हाती लागे तो केवळ भुगा. भिंतींच्या लाकडी आच्छादनातून वाट काढीत आलेल्या वाळवीने वरचे पान आणि कडा तेवढ्या राखून मधला सारा मजकूर गिळंकृत केला होता, आणि बाहेर त्याची पुसटशीही खूण उमटू दिली नव्हती. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल ज्यांनी एकदा जरी सोडून पाहिले आहेत, त्यांना या हानीचे स्वरूप निराळे सांगावयास नको. आर्मां द कात्रफाज या निसर्गशास्त्रज्ञाने 1853 साली या वाळवीविषयी टिपण प्रसिद्ध केले; तेथील दस्तऐवज पुढे जस्ताच्या पेट्यांत बंद करून ठेवावे लागले, असेही त्याच्या लिखाणातून कळते.

ही वाळवी कोणत्या जातीची, हा प्रश्न मात्र त्यानंतर दीडशे वर्षे पुरला. 1924 साली झां फेतो या कीटकशास्त्रज्ञाने तिला स्वतंत्र जाती ठरवून, ज्या सेंतोंझ प्रांतात ती आढळे त्यावरून, 'रेटिक्युलिटर्मिस सँटोनेन्सिस' असे नाव दिले. म्हणजे एका अर्थी तिला त्या मुलखाची मूळ रहिवासी असल्याचा दाखलाच मिळाला. परंतु अमेरिकेच्या पूर्व भागात घरोघरी लाकूड पोखरणारी जी 'फ्लॅविपेस', म्हणजे पिवळ्या पायांची वाळवी, तीही हिच्याशी इतकी मिळतीजुळती होती की जाणकारांच्या मनात शंका राहिलीच. या अमेरिकन वाळवीच्या नावाची कथाही चमत्कारिक आहे. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन अमेरिकेत झालेच नाही. व्हिएन्नातील शोनब्रुन राजवाड्याच्या काचगृहांत सापडलेल्या नमुन्यांवरून व्हिन्सेंझ कोलर याने ते 1837 साली केले.

एवढ्या विद्वानांना दोन कीटकांचा साधा मुकाबला करता येऊ नये, याचे सामान्य वाचकास नवल वाटेल. परंतु वाळवीच्या वसाहतीत बहुसंख्या असते ती कामकऱ्यांची, आणि हे कामकरी म्हणजे फिकट, मऊ, नेत्रहीन जीव. एका जातीचा कामकरी दुसऱ्या जातीच्या कामकऱ्यापासून निव्वळ डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य. सैनिकांच्या डोक्याची लांबी आणि जबड्यांचा बाक मोजता येतो, पण या वाळव्यांत शंभरांत सैनिक असतात दोन-तीन, आणि एका जातीची मापे दुसरीच्या मापांत मिसळून जातात. पंख फुटलेल्या नरमाद्या अधिक बोलक्या खऱ्या. मात्र त्या वर्षातून थोडे दिवसच बाहेर पडतात.

जे मनुष्याच्या दृष्टीस दिसत नाही ते वाळवीस मात्र स्पर्शाने कळते, आणि रसायनशास्त्राने तिच्याच या विद्येचा मागोवा घेतला. प्रत्येक वाळवीच्या त्वचेवर मेणासारखा एक अतिसूक्ष्म थर असतो. त्याचे पहिले काम शरीरातील ओलावा राखणे, कारण हा नाजूक जीव कोरड्या हवेत फार काळ तग धरू शकत नाही. आणि दुसरे काम ओळख पटविणे, कारण अंधारात भेटणाऱ्या दोन वाळव्या शृंगिकांनी एकमेकींचा हा लेप चाचपूनच आपले-परके ठरवितात. हा लेप बनतो हायड्रोकार्बनांच्या लांब साखळ्यांनी. कोणत्या साखळ्या आहेत, त्यांना फाटे कोठे फुटले आहेत आणि कोणाचे प्रमाण किती, यांवरून प्रत्येक जातीचा जणू एक शिक्का तयार होतो. शास्त्रज्ञ काही वाळव्या हेक्झेन या द्रावकात थोडा वेळ बुडवितात. विरघळलेले मेण वायु-वर्णलेखन यंत्रातून नेले असता हलके घटक आधी व जड घटक मागाहून बाहेर पडतात, आणि कागदावर शिखरांची एक रांग उमटते. सैनिकांच्या कपाळावरील ग्रंथीतून स्रवणारे संरक्षक द्रव्यही याच रीतीने तपासता येते. ज्या मेणाच्या आधारे वाळवी आपले घर ओळखते, त्याच मेणाने तिचे कूळ आपणांस कळावे, ही योजना मला फार मनोज्ञ वाटते.

आन-झनव्हिएव्ह बान्येर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली जॉर्जियातील फ्लॅविपेस व फ्रान्समधील सँटोनेन्सिस यांचे हे शिक्के शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोहोंतील घनिष्ठ साम्य स्पष्ट झाले. पण रसायनाची साक्ष एकटीच निर्णायक मानता येत नाही. मेणाचे प्रमाण वसाहतीगणिक आणि ऋतूगणिक बदलते. म्हणून निवाडा गेला डीएनएकडे. पेशींतील तंतुकणिकांचा डीएनए केवळ आईकडून लेकराकडे येतो, त्यामुळे त्यातील अक्षरक्रम जुळवीत गेल्यास मातृवंशाचा माग लागतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दोन्ही वाळव्या एकाच जातीच्या ठरल्या, आणि आधीच्या नावाचा हक्क प्रथम या नियमाने 1924 चे नाव 1837 च्या नावात विलीन झाले. 2013 साली झालेल्या विस्तृत तुलनेत फ्रान्समधील वाळवीचा उगम बहुधा अमेरिकेतील लुइझियानात असल्याचे दिसून आले. आणि लुइझियाना ही एके काळी फ्रान्सचीच वसाहत, ला रोशेलच्या गलबतांचा तिकडे राबता, हे लक्षात घेता तो प्रवास कसा घडला असेल याची कल्पना करता येते.

हीच साधने काही वेळा एका नावाखाली दडलेल्या दोन जातीही वेगळ्या काढतात. रसायन व डीएनए यांच्या संयुक्त साक्षीवरून 2003 साली युरोपात 'रेटिक्युलिटर्मिस अर्बिस' ही नवी जाती प्रस्थापित झाली. तथापि डीएनएचीही एक मर्यादा ध्यानी ठेवली पाहिजे. फ्लॉरिडात दोन परकीय वाळव्या, आशियातून आलेल्या 'फॉर्मोसॅनस' आणि 'गेस्ट्रोय', एकमेकींशी संकर करू लागल्याचे 2015 साली निदर्शनास आले. अशा संकरित संततीचा केवळ तंतुकणिकांचा डीएनए पाहिला तर आईचेच नाव हाती येते, बापाचा पत्ता लागत नाही. तेथे पेशीकेंद्रातील डीएनए तपासावाच लागतो.

नावाचा हा निकाल लागल्यामुळे फ्रान्समधील वाळवीच्या एका जुन्या स्वभावाकडेही नव्या दृष्टीने पाहता आले. त्या देशात 1999 च्या कायद्यान्वये घरात वाळवी आढळल्यास रहिवाशाने नगरपालिकेस कळविणे बंधनकारक आहे, इतका तिचा उपद्रव पसरला आहे. आणि त्या उपद्रवाचे एक कारण असे की तिथल्या निरनिराळ्या वसाहती एकमेकींशी लढत नाहीत. दूरच्या प्रवासात मूळ समूहातील थोडेच जीव येऊन पोचले, त्यांच्यातील वैविध्य उणावले, आणि त्वचेवरील मेणाचे शिक्केही एकसारखे होत गेले असावेत. ला रोशेलच्या मातीखाली आज दोन वसाहतींची भुयारे एकमेकांस भिडतात, शृंगिका शृंगिकांस लागतात, आणि परकेपणाची कोणतीच खूण न सापडल्याने त्या दोन वसाहतींची एक वसाहत होऊन जाते.