ओसरीवरची बाज

गेल्या फाल्गुनात माझ्या पुतणीचे जुळत आलेले लग्न वरपक्षाने ‘तुमच्या रक्तातच फेफरे आहे’ असा निरोप धाडून मोडले, आणि मेहकरच्या आमच्या वाड्यातील ओसरीवरची धाकट्या काकांची बाज पुनः डोळ्यांपुढे उभी राहिली. पुतणी ही काकांची चुलत नात.

1990 पूर्वीचे सांगण्याजोगे फारसे नाही. इटलीतील बोलोन्या नगरीत लुगारेसी आणि चिरिन्योत्ता यांनी 1981 सालीच, काकांना येत तशा निद्रेतील झटक्यांचे वर्णन केले होते, परंतु ते वर्तमान वऱ्हाडात पोचावे कसे! खरे दशक त्यानंतरचे. मध्यरात्र उलटली की काका एकाएकी उठून बसत, डोळे सताड उघडे, एक मूठ बाजेच्या सुंभाला आवळलेली आणि पाय सायकल हाकल्यासारखे चाललेले. आजी वहाण हुंगवायला पोचेतो सारे शमलेले असे आणि काका उशाशी तंबाखूची चंची चाचपत असत. रात्रीतून पाच-सहा वेळा हेच. कोणी बाधा म्हटले, कोणी होळीनंतर सैलानीच्या दर्ग्यावर नेण्याचे सुचविले. या भोळ्या माणसांवर माझा राग नाही. परंतु शहरातील ज्या डॉक्टरांनी दिवसा काढलेला मेंदूचा आलेख निर्दोष पाहून ‘लग्न करून द्या’ असा शेरा मारला, त्यांना मी आजही क्षमा केलेली नाही, कारण कपाळामागे खोलवर उगम पावणारा हा झटका कवटीवरील तारांना पुष्कळदा गवसतच नाही.

आमच्याकडे वहाण हुंगवणे चालू असतानाच, 1995 साली, ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या कुटुंबात या विकाराचे जनुक विसाव्या गुणसूत्रावर सापडले. तंबाखूतील निकोटीन चेतापेशींवरील ज्या ग्राहकाला बिलगते, त्याच्याच घडणीत तेथे बिघाड होता. (काकांची चंची मला येथे आठवल्यावाचून राहत नाही.) पुढे आणखी जनुके सापडली, 2013 मध्ये डीईपीडीसी-५ हे त्यांतलेच, आणि 2014 च्या बोलोन्या येथील परिषदेने विकाराच्या नावातून ‘रात्र’ काढून ‘निद्रा’ घातली. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारच्या डुलकीतही काकांना झटका येई, हे आजीला त्याआधी ठाऊक होते.

1998 मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी रात्री घ्यावयाची कार्बामाझेपिनची साधी गोळी दिली आणि बाज निमाली. पुढल्याच वर्षी हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अटही गेली. वरपक्षास एवढेच कळवितो: असे बहुसंख्य रुग्ण घराण्यात एकटेच असतात, सदोष जनुक लाभलेल्या शंभरांपैकी सुमारे तिसांना झटका येतही नाही, आणि आमच्या काकांचे रक्त या कारणासाठी आजवर कोणी तपासलेलेच नाही.