इंजिनाचं मुसकं आणि मानेचा पट्टा

फेब्रुवारी २०२६ मध्ये फ्लोरिडात ‘डेटोना ५००’ला हिरवा झेंडा मिळाला आणि त्याच आठवड्यात, १८ फेब्रुवारीला, ड्रायव्हर डेल अर्नहार्टला जाऊन पंचवीस वर्षं झाली. नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यतींच्या चाहत्यांसाठी हा आठवडा दरवर्षीच जड असतो. २०२६ मध्ये त्याला एका आकड्याची जोड मिळाली : ७५०. दीड मैलापेक्षा लहान ट्रॅकवर आणि रोड कोर्सवर त्या मोसमापासून ६७० ऐवजी ७५० हॉर्सपॉवरचं इंजिन आलं. ड्रायव्हर कित्येक वर्षं हेच मागत होते. पंचविसाव्या स्मृतिदिनाच्या वर्षीच ताकद वाढवायची, हे ऐकून कुणाच्याही पोटात गोळा येईल. माझ्या मते मात्र निर्णय योग्य आहे, आणि तो योग्य का, हे अर्नहार्टच्या मृत्यूनंतर जे घडलं त्यातच दिसतं.

आधी १९८७ मध्ये जायला हवं. अलाबामातलं टॅलाडेगा. ट्रॅक २.६६ मैलांचा, वळणं ३३ अंशांनी कललेली. पायी चढायचं तर हात टेकावे लागतील अशी. बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे जवळपास ३४२ किलोमीटरचा वेग गाठला. ३ मेच्या शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसनचा टायर फुटला, गाडी गर्रकन उलटी फिरली, हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. जाळी फाटली, पण गाडी तिने आत येऊ दिली नाही. प्रेक्षक जखमी झाले. ती शर्यत पुढे बॉबीच्याच मुलाने, डेव्हीने जिंकली.

गाडी प्रेक्षकांत घुसली असती तर खेळच बंद पडला असता, हे संयोजकांना कळून चुकलं. १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगात इंजिनांना मुसकं घातलं गेलं. त्याचं नाव रिस्ट्रिक्टर प्लेट. अ‍ॅल्युमिनियमची एक पातळ पट्टी, तिला चार गोल भोकं. ती कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्या मधे बसायची. भोकं जेवढी लहान, तेवढी हवा कमी. हवा कमी, तर पेट्रोलही कमी जळणार. गाडी बांधायला संघाने वर्षभर घालवलेलं असो, तिने श्वास किती घ्यायचा ते त्या चार भोकांनी ठरायचं. २०१९ मध्ये पट्टी गेली आणि तिच्या जागी निमुळत्या भोकांचा स्पेसर आला. काम तेच.

वेग उतरला. धोका मात्र जागा बदलून बसला. इंजिनं सारखीच गुदमरलेली असली की ड्रायव्हरला ऍक्सिलरेटरवरून पाय उचलावाच लागत नाही. एकटी गाडी हवा कापत जाते. तिच्या शेपटीला चिकटून दुसरी आली की दोघी मिळून जास्त जोरात पळतात. मग कुणी कळप सोडायला तयार होत नाही. तीस-चाळीस गाड्या, तीन-तीनच्या रांगा, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग आणि मधे हातभर अंतर. एकीचा तोल गेला की वीस गाड्यांचा चुराडा. ड्रायव्हर त्याला ‘द बिग वन’ म्हणतात आणि ती होईल का असं विचारत नाहीत, कितव्या फेरीत होईल असं विचारतात.

अर्नहार्ट अशा कळपातून वाट काढण्यात सगळ्यांत तरबेज होता, आणि त्याला हे मुसकं कधीच आवडलं नाही. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत पुढे त्याच्याच मालकीच्या संघाच्या दोन गाड्या होत्या, मायकल वॉल्ट्रिप आणि मुलगा डेल ज्युनिअर, आणि तो मागच्या कळपाला अडवत होता. शेवटच्या वळणावर टक्कर झाली आणि गाडी काँक्रीटच्या भिंतीवर गेली. टीव्हीवर तो अपघात किरकोळ वाटला. गाडी उलटली नाही, पेटली नाही. कवटीच्या तळाचं हाड मोडलं होतं.

त्याआधीच्या दहा महिन्यांत नॅसकारच्या वेगवेगळ्या मालिकांमध्ये अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तिघं गेले होते. अ‍ॅडम तर एकोणीस वर्षांचा. तो आणि अर्विन दोन महिन्यांच्या अंतराने एकाच ट्रॅकच्या एकाच वळणावर गेले. आणि मानेवरचा उपाय तेव्हा पंधरा वर्षं तयार होता! या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

तो उपाय ज्याने शोधला, त्या बॉब हबर्डबद्दल मला नॅसकारच्या कुठल्याही विजेत्यापेक्षा जास्त आदर आहे. हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्स शिकवायचा. त्याआधी जनरल मोटर्समध्ये अपघात-चाचणीच्या पुतळ्यांवर काम केलेलं. त्याचा मेव्हणा जिम डाउनिंग शर्यतीत गाडी चालवायचा. १९८१ मध्ये डाउनिंगचा मित्र पॅट्रिक जॅकमार कवटीच्या तळाचं हाड मोडून गेला आणि डाउनिंगने मेव्हण्याला साधा प्रश्न विचारला : पट्टा बांधलेला असतानाही माणूस का मरतो?

हबर्डचं उत्तर कुणालाही समजेल असं होतं. पट्टे धडाला बांधतात, डोक्याला नाही. भिंतीवर गाडी आदळली की धड जागीच थांबतं, हेल्मेट घातलेलं जड डोकं पुढे जात राहतं, आणि त्याला मागे ओढून धरायचं काम एकट्या मानेवर पडतं. हबर्डने खांद्यांवर बसणारी एक ताठ कॉलर बनवली. छातीवरून येणारे पट्टे तिच्यावरून जातात आणि तिच्यापासून निघालेल्या दोन छोट्या दोऱ्या हेल्मेटच्या दोन बाजूंना अडकवतात. डोकं आणि धड एकत्र थांबतं. एवढंच. हान्स नावाचं हे साधन १९८० च्या दशकाच्या मध्याला तयार झालं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनी ते विकायला कंपनी काढली, आणि दहा वर्षं त्यांच्या दारात फारसं कुणी फिरकलं नाही. अवजड वाटतं, मान वळत नाही, गाडीतून पटकन निघता येणार नाही, अशी कारणं होती. अर्नहार्टनेही ते नाकारलं होतं. ऑक्टोबर २००१ मध्ये आणखी एक तरुण ड्रायव्हर गेला, तेव्हा कुठे नॅसकारने डोकं-मान बांधणं सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनने २००३ मध्ये केलं. हबर्ड २०१९ मध्ये गेला. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या शर्यतीत त्याच्या कल्पनेशिवाय कुणी गाडीत बसत नाही.

भिंतीचं कामही असंच बाहेरच्या माणसाने केलं. नेब्रास्का विद्यापीठातल्या डीन सिकिंगचा विषय होता महामार्गाच्या कडेचे कठडे. त्याच्या चमूने काँक्रीटच्या पुढे पोकळ चौकोनी स्टीलच्या नळ्यांची भिंत उभी केली आणि मधल्या पोकळीत फोमचे ठोकळे भरले. आपटी बसली की भिंत थोडी मागे सरते. तेवढा क्षण शरीराला पुरतो. २००२ मध्ये ती पहिल्यांदा इंडियानापोलिसला बसली, मग ट्रॅकमागून ट्रॅक.

अर्नहार्टनंतर आजवर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत एकाही ड्रायव्हरचा शर्यतीत मृत्यू झालेला नाही. हे इंजिन गुदमरवून साधलेलं नाही. मान धरली, भिंत मऊ केली, सीट आणि पिंजरा सुधारला, म्हणून साधलं. २०२० मध्ये रायन न्यूमन डेटोनात उलट्या गाडीत मागून येणाऱ्या गाडीची धडक खाऊनही वाचला आणि दोन दिवसांनी दोन मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला.

आता नॅसकारने २०२२ मध्ये आणलेली ‘नेक्स्ट जेन’ गाडी. इथे माझी तक्रार आहे, पण त्या गाडीला तिचं श्रेयही द्यायला हवं. खर्च आटोक्यात यावा म्हणून चासीपासून बॉडीपर्यंत बहुतेक भाग ठरलेल्या एकाच पुरवठादाराकडून घ्यायचे असं ठरलं. छोट्या संघांना त्याने जीवदान मिळालं, आणि पहिल्याच वर्षी १९ वेगवेगळे विजेते झाले. पण या खेळाच्या रक्तात मेकॅनिकचं डोकं आहे. १९४९ मध्ये सर्वोच्च मालिकेच्या पहिल्याच शर्यतीत ग्लेन डनवे पहिला आला आणि बाद झाला, कारण हातभट्टीची दारू वाहून नेण्यासाठी त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या होत्या. मेकॅनिक स्मोकी युनिकबद्दल गॅरेजमध्ये अजून सांगतात की टाकी केवढी हवी हे नियमात होतं, पेट्रोलच्या नळीचं माप नव्हतं, म्हणून त्याने नळीच जाडजूड आणि लांबलचक केली. आता अशा डोक्याला जागाच उरली नाही. २०२२ मध्ये पोकोनोच्या ट्रॅकवर डेनी हॅमलिन पहिला आणि काइल बुश दुसरा आला, आणि गाडीच्या पुढच्या भागावरच्या जादा टेपसाठी दोघंही बाद झाले. एका संघाने पुरवठादाराच्या भागात बदल केला म्हणून १०० गुण आणि १ लाख डॉलर गमावले.

हे सगळं मी खेळाचा नियम म्हणून मान्य केलं असतं. पण त्याच पोकोनोत पात्रता फेरीत कर्ट बुशची गाडी मागच्या बाजूने भिंतीवर आपटली. बाहेरून फार मोठा वाटणार नाही असा तो धक्का होता. मागचा सांगाडा जास्तच ताठ होता. तो चेपलाच नाही आणि सगळा मार डोक्याला गेला. कर्ट पुन्हा त्या मालिकेत धावला नाही. सप्टेंबरमध्ये टेक्सासला अ‍ॅलेक्स बोमनची तीच गत झाली. तो पाच शर्यती घरी बसला. ड्रायव्हर मोसमभर मागच्या धडकांबद्दल ओरडत होते. त्यांच्या संघांकडे उत्तम इंजिनिअर होते, आणि त्यांना त्या सांगाड्याला हात लावायला परवानगी नव्हती! बदल झाला तो पुढच्या वर्षी, वरून आल्यावर. जुन्या काळी एखाद्या गॅरेजने चार आठवड्यांत काहीतरी करून पाहिलं असतं, आणि चाललं असतं तर बाकीच्यांनी उचललं असतं. हबर्डनेही कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती.

म्हणून ७५० चं मी स्वागत करतो, आणि पुढचं पाऊल म्हणून मागणं असं आहे की अपघात-चाचणीत खरा उतरेल असा मागचा भाग संघांना स्वतः बांधू द्या. लहान ट्रॅकवर जादा ताकदीचा अर्थ टॅलाडेगासारखा नसतो. व्हर्जिनियातलं मार्टिन्सव्हिल जेमतेम अर्ध्या मैलाचं, कागदाच्या पिनेच्या आकाराचं. तिथे सरासरी वेग टॅलाडेगाच्या निम्म्याच्या आसपास. आपला नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत पहिल्यांदा उतरला तो याच ट्रॅकवर, आणि तेरावा आला. तिथे ताकद कमी असली की सगळे एकाच चालीने रांगेत फिरत राहतात. ताकद वाढली की वळणातून निघताना पाय जरा जास्त दाबला तर मागची चाकं जागीच फिरतात, रबर जळतं, आणि पन्नास फेऱ्यांनंतर त्याच ड्रायव्हरचा टायर गुळगुळीत होतो. ज्याने पाय राखला तो आतून निघून जातो.

मार्टिन्सव्हिलची पुढची शर्यत लागेल तेव्हा दुसऱ्या वळणातून निघणाऱ्या गाड्यांच्या मागच्या चाकांकडे मी पाहत बसणार आहे.