लग्नाच्या मांडवातली थंड बाटली

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीचे लग्न मेढ्यात झाले. लग्नाला आठ दिवस उरले असताना घरात भांडण जुंपले. देण्याघेण्यावरून नव्हे, मानपानावरूनही नव्हे, तर थंड पेयाच्या बाटल्यांवरून. दादा म्हणत होता, वीस क्रेट सांगून ठेवा. वहिनी म्हणत होती, एकही नको.

दादा माथाडी कामगार आहे. जावळी तालुक्यातल्या कितीतरी घरांसारखे आमचे घरही मुंबईच्या हमालीवर उभे राहिले. वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहायची, अंग घामाने निथळले की टपरीवर जाऊन थंड बाटली रिकामी करायची. सकाळी एक, दुपारी एक. चहापेक्षा बरी, अंगात तरतरी येते, असे तो सांगायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायात खिळा गेला. जखम महिना झाला तरी भरेना, तेव्हा रक्त तपासले आणि साखर निघाली. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून 2023 मध्ये पुढे आले. त्यातला एक आमच्या घरात निघाला. हे सारे बाटलीनेच केले असे मी म्हणणार नाही. आमच्या वडिलांनाही हा विकार होता. पण ज्या घरात तो आहे त्या घराने तरी बाटलीत काय असते ते पाहायला नको का?

वहिनीने ते पाहिले. ती सातवी शिकलेली, पण हिशेबाला पक्की. गोड कोला पेयात दर शंभर मिलिलिटरला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. बाटलीच्या मागे ते छापलेले असते, फक्त अक्षर बारीक. म्हणजे अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत सव्वीस ग्रॅम, चहाचे पाच-सहा चमचे. पाहुणे आले की आपण सव्वादोन लिटरची मोठी बाटली आणतो. त्या एका बाटलीत पाव किलोला थोडी कमी साखर! वहिनीने तेवढी साखर वजन करून वर्तमानपत्रावर ओतली आणि तो ढीग दादाच्या पुढ्यात ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले आहे की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला अशी साखर पन्नास ग्रॅमच्या आत जावी, पंचवीसच्या आत राहिली तर अधिक चांगले. दादाच्या दोन बाटल्यांतच पन्नास ओलांडत होते, चहा वेगळाच. बरे, चपाती खाल्ली तर पोटाला आधार होतो. तेवढेच उष्मांक बाटलीतून गेले तर भूक जागची हलत नाही.

दादा ढिगाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "माझ्यासाठी बंद कर. पण पोरीच्या लग्नात लोकांस्नी ताक पाजू काय? काय म्हणतील?"

त्याचे हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. आमच्या आजोबांच्या काळी गावच्या हॉटेलात आपल्या माणसाची कपबशी वेगळी असायची, बाहेर ठेवलेली. आपल्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते. महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड. तिथे 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्यासाठी एवढा लढा दिलेल्या समाजात दुकानातली सीलबंद बाटली, सर्वांना सारखी, ही साधी गोष्ट नव्हती. कॉलनीतल्या लग्नात पहिल्यांदा क्रेट आले तेव्हा आमच्या आईला केवढा आनंद झाला होता! बाटलीत साखर होती तसा मानही होता. म्हणून बाटली काढायची तर तिच्या जागी तितक्याच मानाचे काही ठेवायला हवे, हे वहिनीलाही पटले.

पुतण्याने सुचवले, डाएटच्या बाटल्या आणू, त्यात साखर नसते. ते खरे आहे. त्यात अ‍ॅस्पार्टेम किंवा सुक्रालोजसारखी कृत्रिम गोडी असते. साखरेच्या शेकडो पट गोड, म्हणून चिमूटभर पुरते. परंतु वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीवर विसंबू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच मे 2023 मध्ये सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅस्पार्टेमची नोंद कर्करोगाच्या संभाव्य कारणांत झाली. मात्र रोजची मर्यादा तज्ज्ञांनी बदलली नाही. साठ किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला निदान आठ-दहा डबे प्यावे लागतील. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. माझे मत इतकेच : मधुमेह झालेल्या मोठ्या माणसाला सवय सुटत नसेल तर काही दिवस काठीसारखा त्याचा आधार घ्यावा. मुलांच्या हाती देऊ नये. जिभेला अतिगोडाची चटक तशीच राहते, आणि त्यातले आम्ल दातांना लागायचे ते लागतेच.

दुसरी सूचना आली ती क्रशची. आपला भाग स्ट्रॉबेरीचा. महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्याला लाल बाटल्या मांडलेल्याच असतात. फळाचे म्हणजे चांगले, असे आपण धरून चालतो. पण क्रशमध्ये फळ निदान पंचवीस टक्के हवे आणि विरघळलेला अंश निदान पंचावन्न टक्के, असा नियम आहे. तो विरघळलेला अंश म्हणजे बहुतेक साखरच. पन्नास मिलिलिटर क्रश पेल्यात ओतला की झाली कोलाची बरोबरी. गुळाचे पन्हे आणि उसाचा रस यांचेही तसेच. गुळात साखरेपेक्षा उष्मांक फारसे कमी नसतात. गूळ आपल्या मातीतला, म्हणून तो मधुमेहाला चालतो, हे मी कितीतरी बायकांकडून ऐकले आहे. चालत नाही.

मग राहिले काय? आम्ही विचार केला, लोकांना बाटलीत नेमके काय आवडते? गारवा, नाकात जाणारा फसफसाट आणि आंबट झटका. हे तिन्ही साखरेशिवाय मिळते. साध्या सोड्यात साखर नसतेच. लहानपणी गोटीच्या बाटलीतला खारा लिंबू सोडा आपण प्यायलो, तो काही वाईट नव्हता. मे महिन्यात लिंबू महाग, म्हणून आम्ही कोकम निवडले. बाजारात आगळ मागायचे, अमृत कोकम नव्हे. अमृत कोकम साखरेच्या पाकातले, आगळ मिठातले. आगळ नसेल तर दहा-बारा आमसुले लिटरभर पाण्यात चार तास भिजवून कुस्करावी. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेले आले, पुदिना. आगळ असेल तर मीठ अजिबात घालू नये. रक्तदाब असलेल्यांनी तर ते बेतानेच घ्यावे. पेल्यात दोन भाग हे पाणी आणि वरून एक भाग गार सोडा ओतला की जांभळट लाल फेस येतो. मांडवात ते बाटलीपेक्षा देखणे दिसते. सोडा आयत्या वेळी ओतायचा, आधी ओतला तर निवून जातो. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते मात्र विचारा. उन्हाळ्यात कावीळ आणि जुलाब तिथूनच घरात येतात.

हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत ताजी स्ट्रॉबेरी मिळते. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत सरबत वाटणाऱ्या मंडळांनी हे ध्यानात ठेवावे. पेल्यामागे चार फळे ठेचून पाणी, पुदिना आणि किंचित मीठ घातले तर वीस-पंचवीस उष्मांकांत काम होते. बारकी, वेडीवाकडी फळे स्वस्त मिळतात. ठेचायला ती तशीच चांगली. पुढे जांभळे येतात. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना ज्या आठ पेयांची मोकळीक दिली आहे, त्यांत आंबा आणि द्राक्षाबरोबर जांभूळही आहे. मात्र जांभळाने साखर बरी होते असे कोणी सांगितले, तर त्याच्या नादाने गोळ्या बंद करू नका. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक घाम फुटून थरथर सुटली, तर साखर एकदम उतरलेली असू शकते. त्या वेळी मात्र साखरेचे पाणीच द्यायचे, कोकम नव्हे.

मुलांचे काय? ती एका दिवसात ऐकत नाहीत. वहिनीने धाकट्यासाठी सरबतात आधी नेहमीची साखर घातली, पुढल्या आठवड्यात निम्मी, मग पाव. दोन-तीन आठवड्यांत जीभ वळते. त्याने कुरकुर केली नाही असे नाही.

लग्नात शेवटी दोन्ही ठेवले. दादाच्या शब्दाखातर पाच क्रेट आणि शेजारी कोकम-सोड्याची दोन पिंपे, स्वच्छ पेले, वाढायला भाचीच्या मैत्रिणी. वहिनीचा एकच आग्रह होता, पिंपे पुढे आणि क्रेट मागे. उन्हातून आलेले पाहुणे पिंपाशी थांबत होते. पिंपे दोनदा भरली. दीड क्रेट शिल्लक राहिले, ते दुकानदाराने परत घेतले. एक म्हातारे मामा मात्र काळी बाटलीच हवी म्हणून रुसले होते. त्यांना ती दिली.

मागच्या आठवड्यात वाशीहून दादाचा फोन आला. म्हणाला, "आगळाची बाटली संपली. एसटीनं कोण येणार आसंल तर दोन पाठव. एक टपरीवाल्याला द्यायचीय. तो म्हणतो, सोडा माझा, आगळ तुझं."