जबड्याखालची लाल रेघ

यलोस्टोनला जाणारी आपली बहुतेक मंडळी गरम पाण्याची कारंजी आणि गवे बघून परततात. उद्यानाच्या ईशान्येला लामार नदी आहे, तिथे लोक येतात ते माशांसाठी. ऑगस्टमध्ये काठचं गवत वाळतं, पावलागणिक नाकतोडे उडतात, वाऱ्याने पाण्यात पडतात, आणि काठालगत कटथ्रोट ट्राउट त्यांच्यावर टपून असतो. मोंटानात राहणाऱ्या माझ्या मामेभावाने म्हणून दोराच्या टोकाला नाकतोडाच बांधला: फोमचं अंग, रबराचे पाय, पोटाखाली छोटा गळ. गळाला मासा अडकवणारं उलटं टोक नाही. उद्यानात तसा गळ चालतच नाही.

या नकली कीटकाला वजन असं नसतंच. फेकायचा असतो तो जाड, वजनदार दोर. नऊ फुटी रॉड मागे न्यायचा, दोर पाठीमागे पुरता उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायचा. हे थांबणंच सगळ्यात अवघड. कीटक पाण्यावर टेकला, की तो प्रवाहाच्याच चालीने वाहिला पाहिजे. दोराने त्याला जरा जरी ओढलं, तरी पाण्यावर रेघ उमटते आणि मासा पाठ फिरवतो.

कटथ्रोट घाई करत नाही. तळाशी एक सावली हलली, वर आली, नाकतोड्याखाली त्याच्याबरोबरच थोडी वाहत गेली. पांढरं तोंड उघडलं. "थांब, तोंड मिटू दे त्याला," भाऊ हळूच म्हणाला. मिटलं, आणि रॉड वाकला.

मासा जाळ्यात आला, पण जाळं पाण्यातच ठेवलं. हात आधी ओले केले. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि माशाला रोग जडतात. पिवळसर सोनेरी अंग, शेपटीकडे दाट होत गेलेले काळे ठिपके, जबड्याखाली दोन्ही बाजूंना केशरी-लाल रेघ. भावाने डोकं आणि पर निरखले. डोक्यावर ठिपक्यांची गर्दी असती आणि परांच्या कडा पांढऱ्या असत्या, तर तो बाहेरून आणलेल्या रेनबो ट्राउटशी झालेला संकर ठरला असता. लामार पुलाच्या वरच्या पाण्यात रेनबो किंवा असा ओळखू येणारा संकर सापडला, तर मारणं सक्तीचं आहे. अस्सल कटथ्रोट सोडणं तितकंच सक्तीचं. आमचा अस्सल होता. प्रवाहाकडे तोंड करून धरला, कल्ले नीट हलू लागले आणि तो हातातून निसटून गेला.

एक मासा जपायचा म्हणून दुसरा मारायचा, हे पहिल्यांदा ऐकताना मनाला लागतं. पण मला तो नियम पटतो, आणि त्याचं कारण यलोस्टोन सरोवरात आहे. 1890मध्ये सरकारनेच लेक ट्राउट जवळच्या दोन तळ्यांत सोडले होते. तिथून ते कुणीतरी या सरोवरात आणले. 1994मध्ये त्यांचा पत्ता लागला, तोवर ते तिथे रुळले होते आणि कटथ्रोट फस्त करत होते. सरोवराला मिळणाऱ्या क्लिअर क्रीक या एकाच ओढ्यात 1978 साली 70,000हून जास्त कटथ्रोट अंडी घालायला चढले होते. 2007मध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. कटथ्रोट उथळ ओढ्यांत येतो, म्हणून अस्वलं, पाणमांजरं, मासेमार घारी त्याच्यावर जगतात. लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो आणि अंडीही सरोवरातच घालतो, त्यामुळे यातल्या कुणाच्याच तोंडी लागत नाही. ओढे रिते झाले, तशी अस्वलं एल्क हरणांच्या पाडसांकडे जास्त वळली.

लेक ट्राउटचा पत्ता लागल्यापासून बोटी जाळी टाकून ते काढताहेत. आजवर 40 लाखांहून जास्त काढले. कटथ्रोट आता पुन्हा वाढू लागले आहेत, तरी जाळी थांबवता येत नाहीत. थांबवली की लेक ट्राउट पुन्हा फोफावणार.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना एक सांगणं. यलोस्टोनमध्ये गळ टाकायचा असेल, तर परवाना काढताना माशांच्या ओळखीची चित्रं नीट बघून घ्या. नमद्याच्या तळाचे बूट तिथे चालत नाहीत, कारण त्यांतून एका पाण्यातले रोग दुसऱ्या पाण्यात जातात. बाकीचे बूट आणि जाळंही एका नदीतून दुसरीत नेण्याआधी चिखल काढून धुवा आणि पुरते वाळवा. आणि कुठल्याही पाण्यातला जिवंत मासा दुसऱ्या पाण्यात सोडू नका.