मोटर जळते ती का?

कळंब्याहून गारगोटी रस्त्याने पुढे निघाले की दोन्ही अंगांना ऊस दिसू लागतो, आणि ऊस म्हटला की विहीर किंवा नदी, आणि तिच्यावर विजेची मोटर. ऐन उन्हाळ्यात ही मोटर बंद पडली म्हणजे घरात कोणी आजारी पडल्यासारखी अवस्था होते. गेल्या वैशाखात आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराची पाच एच.पी.ची मोटर महिन्याभरात दोनदा जळाली. पहिल्या वेळी त्यांनी दोष दिला मोटरीला, दुसऱ्या वेळी वाइंडिंग करणाऱ्याला. "तार हलकी वापरली हो त्याने, दुसरं काय!" असे त्यांचे म्हणणे. मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून मला ओढून नेले उद्यमनगरात, मोटर उघडताना पाहायला.

झाकण निघाले आणि मोटरीनेच साक्ष दिली. तीन फेजच्या मोटरीत तारेच्या वेटोळ्यांचे तीन गट असतात. त्यांतले दोन गट अगदी तांबूस, ताजे होते. तिसरा मात्र कोळसा झालेला. तार हलकी असती तर तिन्ही गट सारखेच करपले असते. येथे एकच जळाला, याचा अर्थ एक फेज गेलेला असताना मोटर चालत राहिली.

हे कसे होते ते पाहू. रात्री डीपीवरचा एक फ्यूज उडतो. मोटर उभी असेल तर ती सुरूच होत नाही, नुसती घुमते. पण चालू असेल तर मात्र थांबत नाही. दोन फेजवर कण्हत कण्हत पाणी ओढते. मालक घरी झोपलेला. काम तेवढेच, आणि ओढणाऱ्या तारा तीनऐवजी दोन. तेव्हा त्या दोन तारांतला प्रवाह सुमारे पावणेदोनपट होतो. वाइंडिंग डेल्टा पद्धतीने जोडलेले असेल तर एका गटाला नेहमीच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह सोसावा लागतो. शिक्षक मित्रांनी येथे मुलांना एक गणित घालावे : उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर दुप्पट प्रवाहाला उष्णता किती? चौपट. तारेवरचे वॉर्निश ती किती वेळ सोसणार? वाइंडिंग स्टार पद्धतीचे असेल तर उलट दिसते, दोन गट जळतात आणि एक कोरा राहतो. एवढी खूण लक्षात ठेवली तरी कारागिराशी होणारे निम्मे भांडण वाचेल.

पण मग स्टार्टरमधला रिले काय करीत होता? तो होता, पण त्याचा काटा 12 ॲम्पियरवर ठेवलेला. "सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून वाढवला," असे उत्तर मिळाले. पाच एच.पी.च्या मोटरीला पूर्ण भारावर साधारण सात ते साडेसात ॲम्पियर लागतात. नेमका आकडा मोटरीच्या पत्र्यावर, म्हणजे नेमप्लेटवर, कोरलेला असतो. रिले तेवढ्यावरच ठेवायचा. (स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वाइंडिंगच्या वाटेत असतो, तेथे त्या आकड्याचे शेकडा 58 धरतात.) रिले सारखा ट्रिप होतो तेव्हा तो तक्रार सांगत असतो. त्याचे तोंड बंद करणे म्हणजे राखणीच्या कुत्र्याला भुंकतो म्हणून बांधून घालणे. फ्यूजमध्ये जाड तार घालण्याचीही तीच गत. फेज जाताच मोटर बंद करणारे उपकरण मिळते, त्याला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर म्हणतात. त्याची किंमत एका वाइंडिंगपुढे काहीच नाही. आणि कंडेन्सर लावून दोन फेजवर तीन फेजची मोटर फिरवण्याची जी युक्ती गावोगाव चालते, ती या उपकरणाच्या नेमकी उलट आहे.

तिन्ही गट सारखे काळे दिसले तर दोष निराळा. एकतर पंप गाळाने, काडीकचऱ्याने अडकलेला असतो, नाहीतर विजेचा दाब कमी असतो. दाब 415 चा 330 व्होल्ट झाला तर मोटरीचे बळ शेकडा 63 वर येते, कारण बळ दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते. पाणी तर तेवढेच उचलायचे, म्हणून ती जास्त प्रवाह ओढते व तापते. वीज येताच आपोआप मोटर सुरू करणारे ऑटो स्विच यात भर घालतात. सुरू होताना प्रत्येक मोटर पाच-सहापट प्रवाह घेते. एका डीपीवरच्या वीस मोटरी एका क्षणी उठल्या तर दाब कोसळतो आणि कधी डीपीच जळते. शेजाऱ्याशी बोलून पाच-पाच मिनिटे मागेपुढे सुरू केल्या तर कोणाचेच पाणी कमी होत नाही. पण हे बोलणे होत नाही, हीच अडचण!

नदीकाठच्या मंडळींना 2019 आणि 2021 चे महापूर आठवत असतील. पंचगंगेकाठी किती मोटरी पाण्याखाली गेल्या! पूर ओसरल्यावर मोटर वरून पुसून लगेच बटण दाबणे, ही मोठी चूक. आत गाळ व ओल असते. मोटर उघडून स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा, उन्हात किंवा शेजारी मोठा दिवा लावून दोन-तीन दिवस वाळवावी, बेअरिंगचे ग्रीस बदलावे, आणि कारागिराकडून मेगरवर तपासून घ्यावी. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर आणखी वाळवायची, घाई करायची नाही.

बेअरिंगचे म्हणाल तर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्या जागी टेकवून मूठ कानाला लावावी. सारखा घरघराट असेल तर ठीक, खरखर किंवा टकटक ऐकू आली तर बदलण्याची वेळ झाली. फिरत्या भागापासून मात्र हात, टॉवेल, धोतराचा सोगा दूर ठेवा. ग्रीस ठासून भरू नये, जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापते.

आता शेवटचे, आणि हे मोटरीपुरते नाही. वाइंडिंगची एक तार सोलून लोखंडी अंगाला लागली तर मोटर चालूच राहते, पण तिच्या अंगात वीज उतरते. अनवाणी, ओल्या पायांनी माणूस तिला हात लावतो. अर्थिंगची तार चांगली असेल तर फ्यूज उडून वीज तुटते. ती गंजून तुटलेली असेल तर वीज माणसातून जाते. त्या बागायतदारांच्या विहिरीवर आम्ही परत गेलो तेव्हा अर्थिंगची तार गवतात सुटी पडलेली सापडली. रिले सात ॲम्पियरवर आणण्याआधी आम्ही ती जोडली, आणि खड्ड्यात कोळसा, मीठ व दोन घागरी पाणी घातले.