आपल्या शरीराचं आधार कार्ड: इम्युनिटी नेमकं काय काम करते?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखाण. बोलण्यातले "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता: इम्युनिटी, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती. ती वाढवायची कशी? पण आधी एक घरची गोष्ट सांगतो, कारण हा भाग मी त्या गोष्टीमुळेच करतोय.

गेल्या पावसाळ्यात रात्री दहाला ताईचा फोन आला. ती शहादा तालुक्यात, गावी. मी पुण्यात, लॅपटॉपसमोर. म्हणाली, "छोटूला कालपासून ताप आहे रे. काढा देतेय. आणि ती इम्युनिटीची पावडर आणलीय, सहाशे रुपयांची. चालेल ना?" छोटू माझा भाचा, चार वर्षांचा. त्याला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडून सिकलचा जीन आलेला. मी काय म्हणालो असेन? "चालेल. सकाळी दाखव दवाखान्यात."

सकाळपर्यंत पोरगं मलूल झालं होतं. लगेच दाखल करावं लागलं, शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं. आता तो ठणठणीत आहे, अंगणवाडीत दंगा करतो. पण तिथले डॉक्टर जे बोलले ते डोक्यातून जात नाही: "या मुलाचा ताप दिवसांत मोजू नका, तासांत मोजा."

तेव्हा मी वाचायला लागलो. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण एखादी सिस्टीम कशी चालते ते समजल्याशिवाय मला झोप येत नाही. तर चला.

सगळ्यात आधी: ओळख

आमच्या शहादा तालुक्यात टेंभली नावाचं गाव आहे. 29 सप्टेंबर 2010 ला देशातला पहिला आधार क्रमांक या गावात दिला गेला. आधारमागचा प्रश्न साधा होता: हा माणूस तोच आहे का? इम्युनिटीचा प्रश्नही अगदी तसाच आहे: हा आपला की परका?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला (लाल पेशी सोडून) आत काय चाललंय ते बाहेर दाखवावं लागतं. आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे ती आपल्या पृष्ठभागावर लावते. टी-पेशी नावाचे पहारेकरी येता-जाता ते तुकडे तपासतात. पेशीत विषाणू घुसला असेल तर त्याचेही तुकडे बाहेर दिसतात. पहारेकरी ओळखतो आणि ती पेशीच संपवतो. आधार एकदाच मिळतं, इथे मात्र पेशी आपलं कार्ड सतत नवं छापून दाखवत असते.

या पहारेकऱ्यांची शाळा छातीच्या हाडामागे आहे, थायमस नावाची ग्रंथी. परीक्षा भयंकर कडक. 100 मधले 95 हून जास्त नापास होतात आणि तिथेच मरतात. ज्याला कार्ड वाचताच येत नाही तो बाद, आणि जो आपल्याच माणसावर धावून जातो तोही बाद. तरी काही जण निसटतात. त्यातून टाइप-1 मधुमेह किंवा आमवातासारखे आजार होतात, जिथे शरीर स्वतःवरच हल्ला करतं.

आता "इम्युनिटी बूस्टर" या शब्दाकडे पुन्हा बघा. पहारेकरी नुसता जास्त आक्रमक झाला तर ते चांगलं आहे का? नाही ना. आपल्याला अचूक पहारेकरी हवाय.

दोन फळ्या

पहिली फळी जन्मापासून तयार असते. त्वचा, नाकातला शेंबूड, पोटातलं आम्ल. त्यातून कुणी आत आलंच तर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावतात. आपली अस्थिमज्जा रोज सुमारे 100 अब्ज न्यूट्रोफिल बनवते. त्या थोडंच जगतात, लढतात, मरतात. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः त्याच. ही फळी वेगवान आहे, पण ती जंतूचा चेहरा लक्षात ठेवत नाही. तापही याच फळीचं काम: शरीर मुद्दाम तापमान वाढवतं, म्हणजे जंतूंना वाढणं अवघड होतं.

दुसरी फळी म्हणजे टी-पेशी आणि बी-पेशी. ही नेमकी आहे पण संथ. नव्या जंतूविरुद्ध पुरेशा अँटिबॉडी बनवायला एक-दोन आठवडे लागतात. पण एकदा लढाई झाली की काही पेशी आठवण म्हणून मागे राहतात, कधी कधी आयुष्यभर. तोच जंतू पुन्हा आला तर उत्तर काही दिवसांत तयार. लस हेच करते: आजार न होऊ देता आठवण तयार करते.

ही आठवण पुसलीही जाऊ शकते, बरं का. गोवरचा विषाणू नेमका आठवण ठेवणाऱ्या पेशींवर जातो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांची गोवरच्या आधी आणि नंतर तपासणी केली होती. त्यांच्या आधीच्या अँटिबॉडींपैकी 11 ते 73 टक्के गायब झाल्या होत्या. म्हणजे बॅकअप नसताना हार्ड डिस्क उडाल्यासारखं. "गोवर काय, देवी आल्या, जातील" असं म्हणणाऱ्या आजीला हे नक्की सांगा.

मग छोटूला नेमकं काय झालं?

पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आत प्लीहा असते. जुनी माणसं तिला पाणथरी म्हणतात. ती रक्ताची गाळणी आहे. काही जिवाणूंना, उदाहरणार्थ न्यूमोकोकसला, बाहेरून शर्करेचं गुळगुळीत कवच असतं. पांढऱ्या पेशींच्या हाताला ते लागत नाहीत. अशांना रक्तातून पकडण्याचं मोठं काम प्लीहा करते.

सिकलसेलमध्ये लाल पेशी ऑक्सिजन कमी झाला की कडक होऊन विळ्यासारख्या वाकतात. प्लीहेच्या अरुंद वाटांत त्या अडकतात, रक्तपुरवठा तुटतो, थोडा थोडा भाग मरत जातो. एसएस असलेल्या बऱ्याच मुलांची प्लीहा पाच वर्षांच्या आतच निकामी होते. बाकी सैन्य शाबूत आहे, पण गाळणी गेली. म्हणून असा जिवाणू रक्तात शिरला तर काही तासांत मूल गंभीर होऊ शकतं.

आता सांगा, सहाशे रुपयांची कोणती पावडर प्लीहा परत आणणार?

पण उपाय आहेत, आणि ते जुने, साधे आहेत. अशा मुलांना दोन-तीन महिन्यांच्या वयापासून किमान पाच वर्षांपर्यंत डॉक्टर रोज पेनिसिलिन देतात. न्यूमोकोकसची लस आहे, 2021 पासून ती देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. आणि ताप 101 च्या वर गेला की थेट दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मूल एकदम पांढरं पडलं किंवा पोटाची डावी बाजू फुगली तरी तेच.

एक गैरसमजही दूर करू. एएस, म्हणजे फक्त एकाच पालकाकडून जीन आलेले लोक, "कमी इम्युनिटीचे" नसतात. उलट त्यांना गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. सातपुड्यासारख्या मलेरियाच्या पट्ट्यांत हा जीन टिकून राहिला तो म्हणूनच. आपण कोण आहोत हे तपासून घ्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालंय, त्यात 40 वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते.

इम्युनिटी सांभाळायची कशी?

पहिलं, जेवण. कुपोषणात थायमस आक्रसतो, म्हणजे पहारेकऱ्यांची शाळाच छोटी होते. मूल आजारी पडतं, आजारात खात नाही, आणखी खंगतं, पुन्हा आजारी पडतं. धडगाव, अक्कलकुव्यात हे चक्र कुणाला नवीन नाही. अँटिबॉडी हे प्रथिनच आहे, ते हवेतून बनत नाही. डाळ, अंडी, भुईमूग, मासे, शेवग्याचा पाला, दादर ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी: यातलं बरंचसं आपल्याच शेतात आणि बाजारात आहे. राज्य सरकारच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. ते हक्काचं आहे, लाजू नका. आणि बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, कारण आईच्या तयार अँटिबॉडी त्यातूनही मिळतात.

दुसरं, लसी वेळेवर. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. ऊसतोडीला गुजरातेत गेलात तर कार्ड सोबत ठेवा, तिथल्या सरकारी केंद्रातही डोस मिळतो. राहून गेला असेल तर आशाताईंना विचारा, उशिराही देता येतो.

तिसरं, झोप. हे माझ्यासारख्या रात्री डिप्लॉयमेंट करणाऱ्यांसाठी. 2015 च्या एका प्रयोगात 164 निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचा विषाणू टाकला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघालं.

चौथं, तंबाखू आणि बिडी. धुरामुळे श्वासनलिकेतला कचरा बाहेर ढकलणारे केस लुळे पडतात. पहिल्या फळीलाच भगदाड.

आणि काढा? प्या की. घशाला बरं वाटतं. फक्त काढा पाजत बसलोय म्हणून दवाखाना लांबला, असं होऊ देऊ नका. आमच्याकडे तेच झालं, आणि "चालेल" म्हणणारा मीच होतो.

आता ताईच्या घरी थर्मामीटर भिंतीला टांगलेलं आहे, शेजारी पेनिसिलिनची बाटली, आणि त्याखाली तिच्या अक्षरात लिहिलेला कागद: "101 = गाडी काढा."

तुमच्या ओळखीत सिकलसेल असलेलं मूल असेल, तर आजचा भाग त्याच्या आईला नक्की पाठवा. तिला वाचायला जमत नसेल तर ऐकवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आज वेळेवर झोपा!