बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

विश्रांतवाडीवरून आळंदीला जाणारा रस्ता ज्येष्ठ वद्य नवमीस ज्ञानोबांच्या पालखीच्या स्वाधीन असतो. परंतु इतर दिवसांत, विशेषतः रविवारी सकाळी, त्याच रस्त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून बायबल हाती घेतलेली कुटुंबे मराठी, तमिळ, मल्याळी अशा निरनिराळ्या भाषांतील उपासनांना निघालेली दिसतात. या मंडळ्यांमध्ये एक शब्दप्रयोग वरचेवर कानी पडतो, तो म्हणजे ‘नावाचा ख्रिस्ती’. तो बहुधा दुसऱ्या कोणाला उद्देशून वापरला जातो, ही गोष्ट मनुष्यस्वभावास धरूनच आहे. बाप्तिस्मा झाला, मंडळीच्या दप्तरी नाव लागले, नाताळास नवे कपडे आले, आणि तरीही अंतःकरण कोमटच राहिले, अशी ही अवस्था. ती ओलांडून पूर्ण निष्ठेपर्यंत जाणे म्हणजे नेमके काय, याचा सर्वांत तपशीलवार दाखला पुण्याच्याच इतिहासात आहे, आणि तो एका असामान्य विदुषीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला आहे.

पंडिता रमाबाई 1858 साली जन्मल्या. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने पुराणे सांगत आणि तीर्थे धुंडाळीत हिंदुस्थान पायाखाली घातला, आईबाप व बहीण यांना दुष्काळाच्या दिवसांत मुकली, 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळविल्या, बिपिनबिहारी दास यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि 1882 च्या फेब्रुवारीत, तान्ही मुलगी मनोरमा पदरी असताना, वैधव्य पाहिले. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणासंबंधी साक्ष दिली. पुढल्या वर्षी त्या विलायतेस गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

रूढ चरित्रांत धर्मांतराची कथा येथे संपते; रमाबाईंच्या स्वतःच्या हिशेबाने ती येथे सुरूदेखील झालेली नव्हती. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी निःसंकोचपणे कबूल केले आहे की, ख्रिस्ती धर्म त्यांना सापडला होता, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म पटला होता, हे मात्र खरे. लंडनमधील फुलॅम येथे आश्रमाच्या भगिनी पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा करीत, ती पाहून आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून, स्त्रीला असे उचलून धरणारा दुसरा मार्ग नाही, अशी त्यांच्या बुद्धीची खात्री पटली होती. परंतु बुद्धीची खात्री आणि जिवाची विश्रांती यांच्यामध्ये त्यांना आठ वर्षे काढावी लागली.

ही वर्षे दुर्बळ श्रद्धेची होती असे मात्र कोणी समजू नये. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत तेजस्वी वादविवाद याच काळातील आहेत. वाँटेजच्या आश्रमातील सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या शाळेच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याचा सिद्धांत, अथानासियसचा मतांगीकार, बिशपांचा अधिकार, एकूण एका गोष्टीची झडती घेतली. इकडच्या पुरोहितवर्गाचे जू मानेवरून आताच उतरविले असताना तसलेच दुसरे आपण बिनतक्रार चढवून घेणार नाही, असे त्यांनी जेराल्डिनबाईंना साफ कळविले. ज्यांना पूर्ण निष्ठा म्हणजे प्रश्न विचारणे बंद करणे असे वाटते, त्यांनी ही पत्रे अवश्य वाचावीत. पण ज्यांना प्रश्न विचारणे हीच सर्वस्वी श्रद्धा वाटते, त्यांच्या सोयीचीही ही बाई नाही, हे पुढे दिसतेच.

1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. 1887 च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांसाठी काढावयाच्या शाळेच्या दहा वर्षांच्या खर्चाची हमी मिळाली. आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईस ती शाळा, शारदासदन, उघडली, आणि सदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. संस्थेत धर्मोपदेश होणार नाही, या करारावरच रानडे, भांडारकर यांच्यासारखे धुरीण सल्लागार झाले होते. भांडारकर त्या काळी येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात, म्हणजे विश्रांतवाडीच्या अगदी शेजारी, संस्कृत शिकवीत असत.

याच सुमारास, 1891 च्या आसपास, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त रमाबाईंच्या हाती पडले. हॅस्लम कॉर्नवॉलमधील बाल्डू येथील पाद्री, उपासनाविधींचा काटेकोर अभिमानी. त्याचा माळी आजारपणात दुसऱ्या प्रकारच्या ख्रिस्ती लोकांच्या सहवासाने पालटला, तेव्हा या गृहस्थास आनंद होण्याऐवजी अपमान वाटला. पेंडीनच्या रॉबर्ट एटकिन या ज्येष्ठ धर्मगुरूने त्याला तोंडावर सांगितले की, तुझेच अजून परिवर्तन झालेले नाही. 1851 च्या एका रविवारी व्यासपीठावर उभा राहून तो प्रवचन करीत असता त्या प्रवचनाचा अर्थ प्रथम त्यालाच लागला, आणि पाद्रीसाहेबांचेच तारण झाले म्हणून श्रोत्यांतील एका स्थानिक उपदेशकाने तेथल्या तेथे पुकारा केला! दीक्षित धर्मगुरूच आतून रिता असू शकतो, ही गोष्ट जॉन वेस्ली यानेही 1738 साली स्वतःवरून ओळखली होती; पण रमाबाईंना ती हॅस्लमने दाखविली. आपली विद्वत्ता, आपला त्याग, आपण स्त्रियांसाठी आरंभिलेले कार्य, यांपैकी कशाचाही हवाला ईश्वरापुढे चालत नाही, तेथे रिकाम्या हातानेच जावे लागते, हे शास्त्रार्थात कोणास हार न जाणाऱ्या पंडितेस मान्य करावे लागले.

याचे परिणाम लवकरच जमाखर्चात दिसू लागले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. करारभंग झाला की नाही, यावर पुण्यात रण माजले; ‘केसरी’ने तोफ डागली; 1893 साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणास बोलावीत नाही आणि आल्यास हाकलीतही नाही. या कैफियतीत तथ्य आहे. पण ज्या संस्थाचालिकेवर मुली जीव टाकतात तिचे उघडे दार हेही एक प्रकारचे निमंत्रण असते, हे रानड्यांसारख्या साक्षेपी न्यायाधीशास जाणवले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. त्याच वर्षी सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला. तेव्हा संस्थेचे मूळ कार्य खुंटले होते असेही नाही.

लोकाश्रयाचा आधार तुटल्यावर जे उरले त्याची कसोटी दुष्काळाने घेतली. 1896 साली मध्य प्रांतात उपासमार सुरू होताच, बालपणी स्वतः त्या वणव्यातून गेलेल्या रमाबाई तेथे पोहोचल्या आणि मुली व विधवा गोळा करून आणू लागल्या. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त सुरू होऊन इतक्या जणींना शहरात ठेवण्यास सरकारी मनाई झाली, तेव्हा केडगावच्या आपल्या जमिनीवर त्यांनी झोपड्या उभारल्या. तेच मुक्तिसदन. बोस्टनच्या हमीची मुदत 1898 साली सरली. शतकाच्या आरंभी हजारावर माणसे त्या आवारात जेवत होती, शेती, विणकाम, छपाई शिकत होती. निश्चित उत्पन्नाच्या अभावी हा गाडा प्रार्थनेवर आणि येईल त्या देणगीवर चाले. अशी व्यवस्था कोणत्याही शहाण्या कारभाऱ्यास मी सुचविणार नाही. ती चालली, एवढे मात्र नमूद केले पाहिजे. 1905 साली तेथे झालेल्या जागृतीत मुली मोठ्याने रडत, एकाच वेळी प्रार्थना करीत. देशोदेशीचे ख्रिस्ती लोक ते पाहण्यास आले. उरलेली वर्षे रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक अभ्यासून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरविण्यात घालविली. 1921 साली मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, तोवर ते पुरे झाले होते.

बाप्तिस्म्यापलीकडे जाणाऱ्या दुसऱ्या एका मराठी ख्रिस्ती व्यक्तीचा, कवी नारायण वामन टिळकांचा, मार्ग याहून वेगळा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्याच निर्णयास 1900 साल उजाडले, आणि मधल्या काळात सोवळ्याचे एकेक बंधन त्यांच्या मनातून कसे गळत गेले, हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी इतक्या मिस्किल प्रांजळपणे सांगितले आहे की, धर्मोपदेशकांनी हेवा करावा. टिळकांची दुसरी पायरी मात्र उशिरा आली. वीसेक वर्षे अमेरिकन मिशनची चाकरी केल्यावर, वेतन आणि संस्थेची शिस्त यांत आपला ख्रिस्त परकीय पोशाखात अडकला आहे, असे त्यांना वाटू लागले. 1917 साली त्यांनी मिशनशी संबंध सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही सारखाच प्रवेश होता. म्हणजे रमाबाईंना बाप्तिस्मा अपुरा पडला, तर टिळकांनी निष्ठेसाठी त्याची अटच काढून टाकली. दोन वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, ते मुंबईस वारले आणि दरबार मूळ धरण्यापूर्वीच उठला. मराठी मंडळ्यांनी त्यांची भजने आपल्या ‘उपासना-संगीता’त आनंदाने घेतली, दरबाराची योजना मात्र दप्तरातच राहू दिली, कारण भजने म्हणण्यास नोंदवही बदलावी लागत नाही.